ठकू हेडीण आणि जिभेखालचं दावं

फार वर्षांपूर्वी, म्हणजे बोरटेकला सडक नव्हती आणि सडकेवरचे खड्डेही नव्हते तेव्हा, गावात ठकू नावाची एक हेडीण होती. हेडी म्हणजे बैलबाजारातला दलाल. तो विकणाऱ्याला सांगतो, तुझ्यासारखा बैल पंचक्रोशीत नाही. घेणाऱ्याला सांगतो, तुझ्यासारखा पारखी पंचक्रोशीत नाही. तुमच्यातल्या निम्म्यांची लग्नं अशाच कुणीतरी जमवलीत, त्यामुळं हे कळायला अवघड जाऊ नये.

तेव्हा बैलाचा भाव तोंडानं बोलायचा नाही अशी रीत होती. दोघांनी एका रुमालाखाली हात घालायचे आणि बोटं दाबून भाव ठरवायचा. वर पाऊसपाण्याच्या गप्पा आणि खाली बोटांचा सौदा. ठकूचा नवरा या कामात तरबेज होता. तो पटकीच्या साथीत गेला, तेव्हा ठकूनं त्याचा रुमाल खांद्यावर टाकला आणि बाजारात येऊन उभी राहिली. बाप्ये लाजायला लागले. बाईच्या हाताला हात कसा लावायचा?

ठकू म्हणाली, "मग लग्नात काय बायकुची शेपटी धरली हुती?"

त्या दिवसापासून कुणी लाजलं नाही.

आता बैलाचं वय त्याच्या दातांवरून कळतं, हे शाळेत न गेलेल्यालाही माहीत असतं. शाळेत गेलेल्यांनी विचारून घ्यावं. ठकूला मात्र त्या तोंड बघण्याचा नादच लागला. बैलाचं बघून झालं की ती मालकाचं बघायची. नवरदेव वेशीत आला की ही पुढं व्हायची, "आ कर रं," म्हणायची आणि मांडवात जाऊन पोराचं खरं वय सांगायची. एकदा मामलेदाराला जांभई आली, तर हिनं भर चावडीत सांगितलं, साहेबांची अक्कलदाढ अजून यायची हाय. महादेवाच्या देवळातल्या दगडी नंदीच्याही तोंडात तिनं बोट घातलं होतं, असं म्हणतात. तेव्हापासून त्या नंदीचं तोंड जरासं उघडं आहे. खोटं वाटत असेल तर जाऊन बघा. येताना माझ्यासाठी प्रसाद आणा.

तर अशा या ठकूकडं एका बाजारी हरबा आला.

हरबा हा म्हाळसाक्काचा एकुलता एक. अंगानं पैलवान, स्वभावानं गोगलगाय. त्याला जन्मापासून र आणि ळ म्हणता यायचं नाही. स्वतःचं नाव तो हलबा सांगायचा आणि गावही मग त्याला हलबाच म्हणायचं. तेव्हाचं गाव आत्तापेक्षा फार चांगलं होतं असं समजू नका.

"मावशी, एक दुभती शेली बघ," हरबा म्हणाला. "पोलाला दूध नाय."

"आई कुठं गेली पोराची?"

"हाय की घली. पन कोलडी हाय."

ठकूनं मान हलवली आणि शेळ्यांच्या बाजूला बघितलं. पण नाद तो नाद. तिनं सहज विचारलं, "पदर वला असतो का रं तिचा?"

हरबा मिरचीसारखा लाल झाला. "वला कसला, भिजल्याला असतो. चोल्या धुऊन धुऊन आई वैतागली."

ठकू थांबली. "भांडं गळतंय," ती म्हणाली, "आन तुमी म्हंता रिकामं हाय?"

आणि चालू सौदा टाकून ती निघाली. असं आधी कधी झालं नव्हतं. तिच्या रुमालाखाली एका गिऱ्हाइकाचा हात होता, तो तसाच राहिला. दिवस मावळेपर्यंत तो माणूस रुमालाखाली हात घालून उभा होता, असं म्हणतात. त्याचे वंशज अजून गावात आहेत. कुणी काही सांगितलं की तेही असेच उभे राहतात.

हरबाच्या घरात काय चाललं होतं ते ऐका. त्याची बायको सगुणा. तिची पहिली मुलगी आदल्या साली अशीच सुकत सुकत गेली होती. तेव्हापासून सगुणाला सगळे कोरडी म्हणायचे. आता हा मुलगा झाला, आणि हाही त्याच वाटेनं निघाला होता. गावातली प्रत्येक बाई काहीतरी घेऊन यायची. डिंक यायचा, अळीव यायचे, मेथी यायची. सगुणा खायची, दूध चढायचं, पदर भिजायचा. पोर मात्र छातीशी तासन् तास लागूनही उपाशीच उठायचं आणि दिवसाकाठी वाळत जायचं. सगुणाच्या छातीला चिरा पडल्या होत्या. पोराला जवळ घेतलं की ती दात आवळून भिंतीकडं बघायची, आणि म्हाळसाक्का म्हणायची, "बघा, आईला पोर नकुसं झालंय." हे पोरही गेलं तर हरबाला दुसरी बघायची, असं तिनं सुनेला ऐकू जाईल इतक्या हळू सांगून ठेवलं होतं.

ठकू आत शिरली. बाळंतिणीची खोली, त्यामुळं दार-खिडकी बंद, बाजेखाली शेगडी आणि धुरीनं डोळे झोंबलेले. हाताचं बोट दिसेना. म्हाळसाक्का दारातूनच गरजली, "काय गं ठके, हितं बैल न्हाई बांधलेला."

"हाय का न्हाई ते बघायलाच आलेय," ठकू म्हणाली आणि बाजेवर टेकली. "पाज गं सगुणे. माझ्याकडं बघू नगंस."

सगुणानं पोराला घेतलं. ठकूनं कान दिला. टक्. टक्. टक्. घोडं फरशीवरून चालवावं तसा पोराच्या तोंडातून आवाज यायचा. मध्येच ते सुटायचं, पुन्हा धरायचं, पुन्हा सुटायचं. गिळल्याचा आवाज काही येईना. वासरू लुचतं तेव्हा कसा घट् घट् आवाज येतो, तो ठकूला झोपेतही कळला असता.

दिसत तर काही नव्हतं. मग ठकूनं हात धुतला, पोराला मांडीवर घेतलं, त्याच्यावर पदर टाकला, जसा बाजारात रुमाल टाकायची तसा, आणि पदराखालून आपली करंगळी त्याच्या तोंडात दिली. डोळे मिटले. वरून म्हाळसाक्काला म्हणाली, "औंदा पाऊस कसा काय वाटतो, आक्का?"

म्हाळसाक्का बघतच राहिली. पण ठकूचं सगळं ध्यान बोटात होतं. धडधाकट पोराची जीभ पुढं येते, हिरडीवरून बोटाखाली पसरते आणि बोटाला खाली-वर दाबत आत ओढते. याची जीभ पुढं यायची, अर्ध्यात अडायची आणि मागं जायची. पुन्हा यायची, पुन्हा मागं. बोट सोडायचं, टक्. सौदा समजला की ठकूची डावी भुवई उडायची. ती उडाली.

"पोराच्या जिभंखाली दावं हाय," ती म्हणाली. "जीभ खाली बांधलेली हाय. वासरू दाव्याला बांधून गायीला सोडलंस, तर ते कासंपतुर पोचंल का? आन मग तू गायीला कोरडी म्हणशील का?"

सगुणा रडायला लागली. आवाज न करता रडायची तिला सवय होती.

म्हाळसाक्का मात्र ऐकायला तयार नव्हती. "आमच्या घराण्यात असलं काय न्हाई. तिच्या माहेराकडून आलं असंल."

"मग जिभा काढा समद्यांनी," ठकू म्हणाली आणि मागोमाग आलेल्या हरबाला तिनं खिडकी उघडायला लावली.

सगुणानं काढली. ती सरळ हनुवटीपर्यंत आली. हरबानं काढली, म्हणजे काढायला गेला. ती खालच्या दातापाशी आली आणि टोकाला दुमडून आपट्याच्या पानासारखी खाच पडली. हरबा म्हणाला, "माझी एवढीच हाय." ठकूनं त्याच्याकडं बघितलं नाही. ती म्हाळसाक्काकडं बघत होती.

"मी काय माकड हाय का?" म्हाळसाक्का म्हणाली. आणि एवढ्या मोठ्या बाईला जीभ काढ म्हणणार कोण? तिच्या जिभेची दहशत तीन गावांत होती. तिनं बोलायला सुरुवात केली की दुसऱ्या गल्लीतली कुत्री भुंकायची थांबायची, असं म्हणतात.

ठकूनं पोर सगुणाच्या हातात दिलं. समोर परातीत डिंकाच्या लाडवांसाठी गुळाचा पाक होता. तिनं त्यात बोट बुडवलं, उठली आणि बोलता बोलता म्हाळसाक्काच्या वरच्या ओठाला फासलं.

"आगं, गूळ लागला बघ. चाट की."

म्हाळसाक्काची जीभ आपोआप निघाली. निघाली आणि दाताला अडली. तिनं पुन्हा प्रयत्न केला. मग हात वर केला आणि बोटानं ओठ पुसला. जन्मभर ती तसाच पुसत आली होती. कुणी बघितलं नव्हतं आणि तिनंही नाही.

 म्हाळसाक्का हळूच खाली बसली.

"मला शेळीखाली धरायची आई," ती म्हणाली. "शेळीचंच दूध पिऊन जगले मी. आमची आज्जी आईला कोरडी म्हणायची. आई मरंस्तवर म्हणायची." मग तिनं हरबाकडं बघितलं. म्हणाली, "आन हरबाला बी मी शेळीवरच वाढवला. तवा मला बी सासू तेच म्हणायची."

"आन गेल्या साली?" ठकूनं विचारलं.

गेल्या साली कोण काय म्हणालं होतं, ते खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं. ती पोरगी आता कुणाच्याच मांडीवर नव्हती.

ठकूनं मग आधी पोराचं पोट बघितलं. सगुणाचं दूध हातानं वाटीत काढायला लावलं आणि कापसाच्या बोळ्यानं थेंब थेंब पाजलं. मग सगुणाला उशांना टेकवून मागं रेलवलं, पोराला तिच्या अंगावर पालथं घातलं, पोटाला पोट लावून. "वासरू कसं मान वर करून हनवटी आधी लावतं? तसं," ती म्हणाली. "असं पालथं पडलं की जीभ आपल्या वजनानं म्होरं येती. आन छाती दुमडलेल्या भाकरीगत धर, म्हंजी घास मोठा बसंल." पोराला थोडं जास्त मिळालं. पण दावं होतं ते होतंच.

ते दावं कसं सुटलं, यावर गावात आजही भांडणं होतात. सुताराचे लोक म्हणतात, ठकूनं करंगळीच्या नखानं तोडलं. देवळातला गुरव म्हणतो, नंदीनं उघड्या तोंडातून नुसती फुंकर मारली. पण न्हाव्याचे लोक सांगतात ते मला पटतं, कारण त्यात त्यांचाच पणजोबा घाबरलेला आहे.

ठकूनं दगडू न्हाव्याला बोलावलं. दगडू म्हणाला, "मी दाढ्या करतो, जिभा न्हाई."

"पाटलाच्या फोडाला नराणी लावलीस तवा?"

"पाटील मेला असता तर गाव सुटलं असतं. हे पोर मेलं तर गाव मला सोडायचं न्हाई."

तो उठून चालायला लागला. त्याला थांबवलं ते म्हाळसाक्कानं. तिनं पोराला आपल्या मांडीवर घेतलं, त्याचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि म्हणाली, "दगडू, काय झालं तर माझ्या हातून झालं म्हणीन. लाव."

नखं काढायची ती नराणी ठकूनं उकळत्या पाण्यातून काढायला लावली. पोराला दारात उजेडात आणलं. जिभेखाली कांद्याच्या पापुद्र्याएवढी पातळ कातडी होती. दगडूनं डोळे मिटू नयेत म्हणून ठकू त्याचा कान धरून उभी होती, असं म्हणतात. एक थेंब रक्त आलं. पोरानं टाहो फोडला. ठकूनं ते तसंच उचलून सगुणाच्या छातीला लावलं.

टक्.

मग काही नाही. मग घट्. मग थांबून, घट्. घट्. घट्.

सगुणा भिंतीकडं बघत नव्हती. पोराकडं बघत होती. तो आवाज खोलीतून अंगणात गेला, अंगणातून बाजारात गेला, आणि बाजारातल्या सगळ्या बैलांनी रवंथ थांबवून कान टवकारले. आडातलं पाणी हातभर वर आलं. असं म्हणतात. पाण्याचं मला माहीत नाही, पण बैल अशा वेळी रवंथ थांबवतात, ते मी बघितलंय.

पोर जगलं. मोठं झालं, तेव्हा र असा काही म्हणायचं की घरातली मांजर पळायची. ठकू मात्र एका पोळ्याला बैल घेऊन घाटाखाली गेली ती परत आली नाही. कुणी म्हणतं म्हातारपणानं गेली. कुणी म्हणतं, वाटेत तिला वाघ भेटला, त्याचं तोंड बघायला ती गेली आणि अजून बघतेच आहे.

बोरटेकच्या वेशीत तिच्या नावाचा एक दगड आहे, मधोमध तोंडासारखी चीर पडलेला. दुसऱ्या गावात देवाला हात जोडतात. आमच्याकडं ठकूला जीभ काढून दाखवतात. एकदा शाळा तपासायला आलेले साहेब वेशीतून चालले होते. अख्खी शाळा दगडाला जीभ दाखवत उभी होती आणि साहेब मधे आले. त्यांनी शेऱ्यात काय लिहिलं असेल, ते तुम्हीच ठरवा.

आता कुणी नख लावत नाही की नराणी. तालुक्याला डॉक्टरीणबाई आहे, तिच्याकडं नेतात. कधी ती कात्रीनं करते, कधी नुसतं पाजायचं कसं ते दाखवते आणि तेवढ्यावर भागतं. पण बोरटेकमध्ये पोर जन्मलं की नाक कुणासारखं, रंग कुणासारखा, हे कुणी आधी बघत नाही. आधी तोंड बघतात. आणि बारशाला, नाव ठेवायच्या आधी, पाळण्यापाशी सासूनं सुनेला जीभ काढून दाखवायची. भलीभली सासू असो, गावची सरपंच असो, सुटका नाही. बायका हसून हसून लोळतात. ज्या सासूची जीभ दाताला अडते, तिच्या सुनेला त्या दिवसापासून कोरडी म्हणायची गावात कुणाची छाती नाही.

ही रीत म्हाळसाक्कानं घातली. त्या पोराच्या बारशाला सगळं गाव जमलं होतं. नाव सांगायला पुढं व्हायच्या ऐवजी ती सगुणासमोर जाऊन उभी राहिली, पदर सावरला आणि एवढ्या लोकांत जीभ काढली.

दाताच्या पुढं काही ती आली नाही. पण सगुणा हसली. पहिली पोरगी गेल्यापासून, असं म्हणतात, पहिल्यांदाच.