चिखलातला धडा

वाघसुद्धा उशिरा आला तर वर्गाबाहेर ओणवा उभा राहायचा, त्या काळातली ही गोष्ट. खोटं वाटत असेल तर वाघाला विचारा.

तळ्याकाठच्या त्या शाळेत चिखलातल्या पाऊलखुणा वाचायला शिकवत. धड्याला पाय मात्र लावायचा नाही, असा नियम होता. चुणी नावाच्या मुंगसाच्या पोरीला त्या खुणा नुसत्या वळवळताना दिसत. "येत्या परीक्षेत नापास झालीस की तुझी शाळा बंद!" तिला सोडायला लंगडत आलेल्या आईसमोरच बगळे गुरुजींनी तिला बजावलं.

तेवढ्यात नव्या टिटवीबाई आल्या. म्हणाल्या, "आधी सगळ्यांना तपासू. हुशारांनाही."

"त्यांना कशाला, बाई?"

"बघू या की, गुरुजी."

बाईंनी ताजा धडा दाखवला. नुकताच तिथून बेडूक गेला होता. चुणी अडखळली. नेहमी पहिला येणारा कोल्हाही अडखळला आणि त्याने "हत्ती!" म्हणून ठोकून दिलं. लबाड आजवर शेजाऱ्याचं ऐकून बोलत होता!

"डोळ्यांना जमत नाही ना? मग पंजा फिरवून वाचा," बाई म्हणाल्या. गुरुजींनी चोच वासली, पण बाईंनी दोघांकडून रोज सराव करून घेतला.

परीक्षेच्या दिवशी चुणीने चिखलात पंजा घातला.

"आटप गं, म्हातारे होऊ आम्ही!" ससा खिदळला.

ती सावकाशच सरकली. "मुंगूस आहे... पुढच्या डाव्या पायाने लंगडतंय... आत्ताच झुडपाकडे गेलंय..."

झुडूप हललं. एका पायावर उभे असलेले गुरुजी दोन्ही पायांवर आले.

"आई!" चुणी ओरडली, "लपतेस काय? ये बाहेर, मला वाचता येतंय!"