त्याच चौकात, त्याच हलगीवर

रायवेळ संस्थानात हलगी वाजवून दवंडी द्यायचं काम ठकूबाईकडे होतं. एकदा एका वैदूने तिच्याकडून टकलावर केस उगवणाऱ्या तेलाची दवंडी पिटवून घेतली. दिवाणसाहेबांनी ते तेल चोपडलं आणि डोकंभर फोड आले!

चिडलेले दिवाण दरबारात म्हणाले, "यापुढे माझ्या परवानगीशिवाय एकही दवंडी नको!"

"म्हणजे नदीला पूर आला, तरी तुम्ही झोपेतून उठेपर्यंत मी गप्प बसू?" ठकूबाई उसळली. "महाराज, तोंड बांधू नका. ज्याची दवंडी खोटी निघेल, त्यानेच त्याच चौकात, त्याच हलगीवर तसं कबूल करावं."

महाराजांना पटलं. ठकूबाईचा जीव भांड्यात पडला.

"वैदूपासून सुरुवात करा!" दिवाण गरजले.

"आधी तुम्ही," ठकूबाईने हलगी पुढे केली. "तलाव काठोकाठ भरलाय, ही दवंडी तुमचीच ना? तिथं तर गुरं चरतायत."

दुसऱ्या दिवशी चौकात दिवाण कसेबसे पुटपुटले, "तलाव... आटलाय."

"मोठ्यानं, दिवाणसाहेब!" ठकूबाई ओरडली. "भरलाय हे मला वेशीपर्यंत ओरडायला लावलंत. आटलाय तेही तिथवर जाऊ द्या!"