स्वच्छता मोहीम उत्साहात संपन्न

आमच्या गल्लीतली हौसाबाई कॉलेजच्या माहिती तंत्रज्ञान विभागात झाडलोट करायची. तिथले प्रमुख कडूसकर सर म्हणजे भारी प्रकरण. विभागातला पंखा दुरुस्त झाला तरी वेबसाइटवर बातमी टाकायचे, ‘पंखा दुरुस्ती उत्साहात संपन्न’. वर टकलावर रुमाल फिरवत सांगायचे, “वेबसाइटवर आहे तेच घडलं. बाकी सगळं झूट!”

एकदा हौसाबाई लेकीच्या बाळंतपणाला सोमवारपासून चार दिवस गेली. सरांना तोंडी सांगूनच गेली होती. परतली, तर सरांनी तिला प्राचार्यांपुढं उभं केलं. “ही न सांगता गायब होती. कामावरून काढा हिला.”

“अहो सर, तुम्हालाच तर सांगून गेले!”

“वेबसाइटवर आहे का तसं? नाही ना? मग तू सांगितलंच नाहीस.”

प्राचार्यांनी सहीला पेन उचललं. हौसाबाईनं पदर खोचला. “मोठे सर, सही करा खुशाल. पण आधी मंगळवारची बातमी बघा. जावयानं मोबाइलवर दाखवली मला.”

प्राचार्यांनी बघितलं. ‘स्वच्छता मोहीम उत्साहात संपन्न.’ फोटोत कडूसकर सर, अन् शेजारी झाडू घेतलेली हौसाबाई!

“आता एक तर मी मंगळवारी कामावर होते, नाहीतर मोहीम झालीच नाही. काय ते सरांनी सांगावं.”

सर घाईघाईनं म्हणाले, “होती, होती! कामावरच होती.”

प्राचार्यांनी फोटो पुन्हा न्याहाळला. “कडूसकर, मंगळवारी तुमच्या डोक्यावर एवढे दाट केस होते?”

सरांच्या आधी हौसाबाईच बोलली, “असणारच की! वेबसाइटवर आहेत ना.”