एकसष्टावी गाठ

पूर्वी केतुमती नगरीत अरिंदम राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याच्या दरबारी भूमिमापक होता. जमीन दोरीने मोजावी आणि माणसे त्या दोरीच्या गाठींनी, अशी तिथली रीत होती.

एका वर्षी पूर्वेकडच्या विहिरी आटल्या. तिथले साठ कुंभार आणि अठ्ठेचाळीस कोष्टी आश्रयाला आले. मागे एका वस्तीत पाण्यावरून डोकी फुटली होती, म्हणून राजाने आधीच दवंडी पिटवली. कुंभारांच्या आणि कोष्ट्यांच्या विहिरी वेगळ्या असतील, प्रत्येक विहिरीवर माणसे सारखीच असतील, आणि जिथे एक जरी कमी भरेल ती विहीर बुजवून तिथल्यांना परत पाठवले जाईल.

कलंदक नावाच्या अमात्याने दहा-दहांचे गट सुचवले. कुंभारांचे सहा गट नीट झाले. कोष्ट्यांचे चार झाले आणि आठ जण उरले. उरलेल्यांना परत धाडावे, असे तो सहज म्हणाला.

बोधिसत्त्वाने साठ गाठींची आणि अठ्ठेचाळीस गाठींची अशा दोन दोऱ्या शेजारी ठेवल्या. मोठी दोरी बारा गाठींनी पुढे गेली. तेवढ्या बारा गाठींचे माप त्याने लहान दोरीवर लावून पाहिले. ते चार वेळा बसले आणि काही उरले नाही. मोठीवर अर्थातच पाच वेळा बसले. त्याने राजाला सांगितले, की याहून मोठ्या संख्येने दोघांनाही निःशेष भाग जात नाही, तेव्हा विहिरीही कमीत कमी लागतील, नऊच. राजाला ते पटले. आलेल्या माणसांनी स्वतः खपून नऊ विहिरी खणल्या.

नवव्या विहिरीला पाणी लागले त्या दिवशी कोंडक नावाचा कुंभार तापाने गेला.

वस्ती वसवायच्या सकाळी कलंदकाने पुन्हा मोजले. कुंभार एकोणसाठ भरले. चार विहिरी पुऱ्या झाल्या, पाचवीवर अकराच उरले. त्यांत कोंडकाची बायको वासुला होती.

"मापक, आता दुसरी संख्या काढा," कलंदक म्हणाला.

बोधिसत्त्वाने दोऱ्या पुन्हा शेजारी ठेवल्या. एकोणसाठांतून अठ्ठेचाळीस गेले, अकरा उरले. अकराचे माप लावले तर चार उरले, चाराचे लावले तर तीन, आणि शेवटी एक.

"म्हणजे माणशी एक विहीर," कलंदक हसला. "एकशे सात खणायला घ्या."

वासुला पुढे आली. "महाराज, मी एकटी परत जाते. माणूस माझ्या घरचा कमी झाला आहे."

"बाई, तुम्ही गेलात तर दहा उरतील," बोधिसत्त्व म्हणाला. "इथे कुणाच्या जाण्याने हिशेब जुळत नाही."

मग त्याने अधिकाराची मुद्रा काढून राजापुढे ठेवली.

"महाराज, कुंभारांत नवा कुणी यायचा नाही, असे दवंडीत नव्हते. बारावा मी."

"इतकी वर्षे दोरी धरली ती चिखल तुडवायला?" कलंदकाने विचारले.

"पाय तुडवतील. हात शिकतील."

राजाने त्याला वाड्याची, इनाम गावाची आठवण करून दिली. पण शब्द दवंडीचा होता, आणि पाचवी विहीर आता भरली होती. राजाने मुद्रा उचलून घेतली.

कलंदकाने कुंभारांची दोरी पुढे केली. मेलेल्याची गाठ सोडायची, ही रीतच होती. वासुला दुसरीकडे पाहू लागली. बोधिसत्त्वाने कुठलीच गाठ सोडली नाही. दोरीच्या टोकाला आणखी एक बांधली.

"या एकसष्ट झाल्या," कलंदक म्हणाला. "बाराने भागले तर एक शेष राहते."

"राहू द्या. मी कोंडकाच्या जागी आलेलो नाही. त्याच्या मागून आलो आहे."

ती दोरी पाचव्या विहिरीच्या रहाटाला बांधलेली असे. बोधिसत्त्वाने तिथे जन्मभर मडकी केली. पहिल्या वर्षीची सगळी गळत होती.

जेतवनात ही कथा सांगून झाल्यावर शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, जन्मांची ओळख पटवली. तेव्हाचा राजा म्हणजे आनंद. कलंदक म्हणजे संघात धान्याची चोख वाटणी करणारा भिक्षू. तो खाली मान घालून ऐकत होता. वासुला म्हणजे समोर बसलेली उपासिका, जी मुलगा गेल्यापासून जेवताना एक ताट जास्त मांडते आणि त्याबद्दल घरच्यांची बोलणी खाते. "आणि भूमिमापक मीच होतो," शास्ते म्हणाले. त्या जन्मी बोधिसत्त्वाने साधली ती दानपारमिता.