उशाशी ठेवलेल्या पादुका

"बसत का नाहीस?" रेवणबुवांनी विचारलं.

"उभाच बरा आहे, बुवा."

"काल दुपारी गेलास. परवा येणार होतास. आजच आलास, तोही लंगडत... आणि बसवत नाही म्हणतोस."

पद्माकरनं मान खाली घातली.

डोंगरावरच्या त्या मठात माणसं दोनच. रेवणबुवा आणि हा त्यांचा शिष्य. खालच्या गावानं नवं मंदिर बांधलं होतं आणि त्यात बसवायला गावाला बुवांच्या पायातल्या खडावा हव्या होत्या. बुवा वर्षानुवर्षं नको नको म्हणत होते. शेवटी पद्माकरनंच त्यांच्या मागे लागून होकार मिळवला. पादुका कुणाच्या हे गाव लक्षात ठेवीलच, पण डोक्यावरून आणल्या कुणी हेही ठेवील, असा त्याचा सरळ हिशोब होता. बोलायचा नाही कुणाजवळ, पण होता.

उद्या सकाळी मिरवणूक. वाजंत्री ठरली होती.

"पोचल्या पादुका?"

"नाही..."

"हरवल्यास?"

"हरवल्या नाहीत, बुवा."

त्यानं काखेतलं लाल वस्त्र सोडलं. आत अर्धी टाच होती आणि अंगठ्यात धरायची एक खुंटी. बाकी भुगा.

बुवांनी टाच उलटसुलट करून पाहिली. कडेला दातांच्या खुणा होत्या, सुतारानं पटाशी मारावी तशा.

"साळिंदर," ते म्हणाले. "मुक्काम कुठं केलास?"

"खिंडीतल्या धर्मशाळेत."

"निघताना मी काय सांगितलं होतं?"

"जवळ जे असेल ते रात्री खुंटीला टांग, म्हणालात."

"मग?"

"बुवा, पादुका खुंटीला कशा टांगायच्या? देवळात जायच्या त्या... मी पाट मांडला. फुलं वाहिली. उशाशी ठेवल्या."

"म्हणजे नैवेद्यच वाढलास की त्याला."

पद्माकरला हसू येण्यासारखं काही नव्हतं.

"पहाटे जाग आली. कुरकुर, कुरकुर आवाज येत होता. अगदी पादुकांतूनच."

"उठलास?"

"नाही... मला वाटलं, नाद उमटतोय. मी डोळे मिटून हात जोडले."

"किती वेळ?"

"बराच."

बुवांनी तोंडावर उपरणं धरलं. खोकला आला असावा.

"डोळे उघडले तेव्हा एक खडाव गेलेली होती, दुसरी त्याच्या तोंडात होती. मी ओढली. त्यानं सगळे काटे फुलवले. मी घाबरलो आणि पाठ फिरवली..."

"आणि त्यानंही फिरवली. साळिंदर पाठीनंच चाल करून येतं."

"हो. मी पाठमोरा, ते पाठमोरं..."

पुढचं सांगायची गरज नव्हती.

"पालथा पड," बुवा म्हणाले.

घोंगडीवर तो पालथा पडला. बुवा एकेक काटा धरून उपसू लागले. प्रत्येक काट्याला पद्माकर ओठ चावायचा आणि मग थोडं बोलायचा. असं तोंड लपवून बोलणं त्याला सोपं जात होतं.

"बुवा, मी गावाला तोंड कसं दाखवू..."

एक काटा.

"आणि तुम्हाला?"

आणखी एक.

"मला घालवून देणार का मठातून?"

बुवा उठले. चुलीवर हळदीचं पाणी ठेवलं. लाकडं दमट होती, नुसता धूर करत होती. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. लाल वस्त्रातली टाच उचलली, खुंटी उचलली, आणि दोन्ही चुलीत सारली.

पद्माकर कोपरांवर उठला. "बुवा, त्या पादुका..."

"वाळलेलं लाकूड आहे. लगेच पेटेल."

पेटलंही. पाण्याला आधण आलं. बुवांनी फडकं बुडवलं, पिळलं आणि जखमांवर ठेवलं. पद्माकरच्या डोळ्यांतून पाणी आलं. शेकानं आलं की कशानं, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

"डोंगरभर झाडं पडलीत," तो थोड्या वेळानं म्हणाला. "त्याला याच का लागाव्यात?"

"वीस वर्षांचा घाम मुरलाय त्यांत. त्याला मीठ हवं होतं."

"मग... मी राहू इथंच?"

"अजून तीन काटे आत आहेत. जाशील कसा?"

पद्माकरचा जीव भांड्यात पडला. दिवसभर धरून ठेवलेला श्वास त्यानं घोंगडीत सोडला.

बुवांचाही चेहरा मोकळा दिसत होता. चुलीपुढे बसल्या बसल्या त्यांनी पाय लांब केले. पायांत कालपासून रबरी चपला होत्या.

"तुला सांगतो," ते म्हणाले, "तू गेलास आणि मला काल जेवण गेलं नाही. मी इथं भाकरी थापतोय आणि तिकडं माझ्या चपलांना उदबत्ती... आज भूक लागली बघ."

दोघंही हसले. पद्माकर जपून हसला, कारण हसलं की दुखत होतं.

चुलीतली टाच मग राखेत बसली.

"पण बुवा, गाव उद्या वाजंत्री घेऊन वेशीवर उभं राहील. मी त्यांना काय सांगू?"

बुवांनी फडकं पुन्हा गरम पाण्यात बुडवलं. पिळलं. जागेवर ठेवलं.

"सांग, निघाल्या होत्या... वाटेत दोघांच्या उपयोगी पडल्या. तेवढ्यातच संपल्या."