एक्केचाळीस उंबऱ्यांचं पिठलं

संतांची पावलं ज्या गावाला लागतात त्या गावाच्या वेशीवरूनच दुःख मागं फिरतं, असं थोर मंडळींनी सांगून ठेवलं आहे. सावरगव्हाणला चिंचोके महाराजांची पावलं अकरा वर्षं लागलेली होती. त्या अकरा वर्षांत गावात एकदा पटकी आली, दोनदा पूर आला, आणि बाराव्या वर्षी यात्रेहून परतणारी नाव भर नदीत उलटून गावातली नऊ माणसं गेली. दुःखाला वेस दिसली नसावी.

महाराज नदीकाठच्या पिंपळाखाली राहत. दर्शनाला येणाऱ्या प्रत्येकाला प्रसाद म्हणून एक चिंचोका देत. तो खाता येत नसे, त्यामुळे प्रसाद वाया जात नसे. नवस फेडायला कोणी पेढे आणले तर म्हणत, "बाबा, तूच खा, तुला कष्ट पडलेत." असे साधे, निर्मळ महाराज!

त्यांचा सर्वांत गरीब भक्त म्हणजे म्हादबा कोळी. गावाची नाव तोच चालवी. बायको वारल्यापासून एकटा होता, हातानं रांधून खाई, आणि रोज संध्याकाळी वाटीभर पिठलं महाराजांच्या पुढं ठेवी. या पिठल्याविषयी गावात फारशी श्रद्धा नव्हती. दाजीबा पाटील तर चारचौघांत म्हणत, "महाराजांना वैराग्य उगीच आलं नाही. रोज म्हादबाचं पिठलं खाल्ल्यावर कोणालाही अन्नावरची वासना सुटेल." मंडळी हसत. म्हादबाही हसे. महाराज मुकाट्यानं वाटी संपवत. याला साधना म्हणतात.

तर ती नाव. वरच्या अंगाला कुठंतरी पाऊस झाला आणि नदी अचानक फुगली. नावेत वीस माणसांची जागा होती आणि बसली होती बत्तीस. म्हादबा वाचला. खरं म्हणजे त्यानंच पोहत पोहत सात जणांना ओढून काठावर आणलं, पण गावानं मोजदाद केली ती न आणलेल्यांची. त्या दिवसापासून त्याच्याशी कोणी बोलेना. समोर आला की लोक वाट बदलत.

आणि त्यातून गावावर एक भलतंच संकट आलं. मयताच्या घरी चूल पेटवायची नाही, ही रीत सगळ्यांना ठाऊक आहे. सुतक नसलेल्या कोणीतरी पिठलं-भाकरी आणायची, दुःखी माणसांना बळंच एक एक घास भरवायचा. त्याला कडू घास म्हणतात. तो पोटात गेला की मग घरची चूल पेटते. रीत चांगली आहे. अडचण एवढीच की सावरगव्हाणात उंबरे एक्केचाळीस आणि त्यांतले चाळीस ढवळ्यांचे, एकाच भावकीचे. चाळीसही घरांना सुतक. घास आणायचा कोणी? एरवी सोयरे येतात. सोयरे आलेही होते. नदीच्या पलीकडच्या काठावर डोक्यावर टोपल्या घेऊन उभे होते आणि फडकी हलवत होते. मध्ये दुथडी भरलेली नदी, आणि नाव तळाशी.

दोन दिवस गेले. पोरांनी पेरूच्या झाडांवर सुतक फेडलं, पण मोठी माणसं रीत सोडायला तयार नव्हती. ओसरीवर बसून राहायची. रडतही नव्हती. बायका पदर तोंडात धरून बसल्या होत्या, कारण पाटलांनी सांगितलं होतं, "ढवळ्यांच्या घरात हंबरडा फोडत नाहीत." पाटलांचा धाकटा भाऊ सखोबा त्या नऊ जणांत होता. पाटलांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. लोक म्हणत, काय छाती आहे!

तिसऱ्या दिवशी सकाळी सगळा गाव पिंपळाखाली जमला. पाटील म्हणाले, "महाराज, आता तुम्हीच काहीतरी करा. म्हातारी माणसं लवंडायला लागली."

महाराज म्हणाले, "माझ्यापाशी चूल नाही. मी तुमच्या घरी मागून खातो. तीन दिवस मीही उपाशी आहे." संतांनाही भूक लागते, ते बोलत नाहीत एवढंच. त्या दिवशी ते बोलले. मग म्हणाले, "गावात सुतक नसलेलं एक घर आहे की."

कोणतं घर ते सगळ्यांना कळलं होतं.

"त्याच्या हातचं?" पाटील उसळले. "ज्यानं नाव बुडवली त्याच्या हातचं? त्यापेक्षा उपाशी मरू!"

"नाव त्यानं बुडवली?" महाराजांनी विचारलं.

पाटील नदीकडं बघू लागले. तिकडं सोयरे फडकी हलवत होते.

महाराज उठले आणि एकटेच म्हादबाच्या झोपडीकडं निघाले. म्हादबा गुडघ्यांत मान घालून बसला होता. शेजारी वल्हं होतं आणि एक गाठोडं बांधलेलं होतं.

"पाणी उतरलं की जातो, महाराज," तो म्हणाला. "या गावात आता माझं तोंड दाखवायला जागा नाही. मला एकच सांगा. ती नऊ गेली आणि मी का वाचलो?"

थोर संत अशा वेळी पुष्कळ सांगू शकतात. महाराज म्हणाले, "ते मला नाही ठाऊक. डाळीचं पीठ आहे का घरात?"

"आहे."

"मिरच्या?"

"आहेत."

"मग आज दुपारपुरतं तरी कळलं, का वाचलास ते. ऊठ. गावासाठी कडू घास कर."

म्हादबा रडतच उठला. आता म्हादबाला स्वयंपाकाचं एकच माप ठाऊक होतं: एका माणसाला एक मूठ पीठ आणि चार मिरच्या. मीठ हाताला येईल तसं. गावासाठी करायचं म्हणून त्यानं उंबरे मोजले आणि चारानं गुणले. त्याच्याकडं टोप एकच. एक्केचाळीस घरांचं पीठ काही त्यात मावेना. मिरच्या मावल्या.

दुपारी तो डोक्यावर टोप आणि बगलेत भाकऱ्यांचं फडकं घेऊन पिंपळाखाली आला तेव्हा लोकांनी माना वळवल्या. महाराज म्हणाले, "आधी मला." त्यांनी भाकरीच्या तुकड्यावर पिठलं घेतलं आणि तोंडात घातलं. क्षणभर काही झालं नाही. मग महाराजांचे कान लाल झाले, आणि ज्या डोळ्यांनी अकरा वर्षं फक्त करुणा ढाळली त्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"अरे म्हादबा," महाराज कसेबसे म्हणाले, "वाढ सगळ्यांना!"

बयजाबाई ढवळे पुढं झाली. तिची लेक आणि घरजावई दोघंही त्या नावेत होते. "आण रे इकडं," ती म्हणाली, "मला रीत शिकवू नका कोणी. भूक लागलीय." तिनं घास घेतला. गिळला. आणि ओरडली, "मेल्या, किती तिखट केलंस रे हे! माझ्या सुभद्रेला तिखट सोसायचं नाही रे... सुभद्रे!" आणि तीन दिवस कोंडलेला हंबरडा फुटला.

मग काय! एकेक जण पुढं होऊ लागला. खोकावं, नाक पुसावं, "मिरची लागली हो," म्हणावं आणि गेलेल्या माणसाचं नाव घेऊन रडावं. चाळीस वर्षांचे बाप्ये एकमेकांच्या गळ्यात पडून सांगत होते, "काही नाही रे, मिरची आहे." कोणाला ठसका लागला तर पाठीवर थोपटायला चार हात येत. एक जण म्हणाला, "आमचा तुळाजी असता तर म्हादबाला या टोपात बुडवला असता." लोक तीन दिवसांनी पहिल्यांदा हसले, आणि हसता हसता पुन्हा रडले.

पाटील दूर उभे होते. "लाज नाही वाटत?" ते गरजले. "ढवळ्यांची जात तुम्ही! एका मिरचीनं रडता?"

बयजाबाई म्हणाली, "दाजीबा, भावजी, खाऊन बोला."

आता मागं हटणं शक्य नव्हतं. पाटलांनी मोठा घास घेतला, लोकांकडं बघत चावला, गिळला. मिशी थरथरली. त्यांनी झाडाला हात टेकला.

"पाटील, पाणी घ्या," म्हादबा तांब्या घेऊन धावला.

पाटलांनी तांब्या धरला, पण प्यायले नाहीत. "सखोबा नको म्हणत होता," ते म्हणाले. "हाही म्हणत होता, दोन खेपा करू. मीच म्हणालो, बसा रे, काय होतंय. मी. आणि मी नावेच्या कडेला होतो, यानं पहिल्यांदा मलाच ओढलं." मग त्या माणसाच्या छातीतून जो आवाज निघाला तो पलीकडच्या काठावर ऐकू गेला म्हणतात. सोयऱ्यांनी फडकी खाली घेतली.

पाटील पुढं आले आणि महाराजांच्या पायांवर कोसळले. पण महाराज नेमके त्याच वेळी पाण्यासाठी रांजणाकडं गेले होते. त्यामुळे पाटलांचं डोकं जिथं टेकलं ते पाय म्हादबाचे होते. हीसुद्धा लीलाच म्हणायची. महाराजांना खरोखर तहान लागली होती.

"अहो पाटील, उठा," म्हादबा कावराबावरा होऊन म्हणाला, "पायाला पीठ लागलंय माझ्या."

"लागू दे," पाटील म्हणाले, आणि उठले नाहीत. मग जरा वेळानं तसेच म्हणाले, "ते गाठोडं सोड. गाव सोडून गेलास तर नवी नाव कोण चालवणार?"

त्या संध्याकाळी गावातल्या चाळीस चुली पेटल्या. बायका भलत्या घाईनं पेटवत होत्या. तोंडाची चव बदलायची होती. नवी नाव पाणी उतरल्यावर बांधली. विसाव्या माणसानंतर म्हादबा वल्हं आडवं धरतो आणि पाटील स्वतः काठावर उभे राहून एकविसाव्याला म्हणतात, "पुढच्या खेपेला ये."

सावरगव्हाणात आजही त्या तिथीला एका टोपात पिठलं करतात. भाविक मोठ्या श्रद्धेनं सांगतात, की महाराजांच्या कृपेनं त्या दिवशी एका टोपात एक्केचाळीस उंबऱ्यांचा गाव जेवला आणि तरीही टोप अर्धा भरलेलाच राहिला. ही गोष्ट अगदी खरी आहे.

दुसऱ्यांदा कोणी वाढून घेतलं नव्हतं.