दाजीसाहेब पडले त्याची गोष्ट

एका गावात एक भोळा रखवालदार होता. गेनू त्याचं नाव. गावाच्या टोकाला एक बंद भातगिरणी होती, तिथं अनुताईंनी कलाकेंद्र काढलं होतं. बाहेरगावचे कलाकार यायचे, महिनाभर राहायचे आणि शेवटच्या दिवशी गावाला आपलं काम दाखवायचे. याला म्हणायचं रेसिडेन्सी. गेनूला वाटे, एवढी धडधाकट माणसं महिनाभर फुकट जेवतात, म्हणजे ताईंच्या सासरचीच असणार.

गिरणी दाजीसाहेबांची. यंदा कराराची मुदत संपत होती. "तुमचं काम बघतो, मग ठरवतो," असं ते म्हणाले होते. पसंत पडलं नाही, तर गिरणीत खताची पोती. ताईंचा जीव टांगणीला लागला होता.

"गेनू, केंद्र लख्ख ठेव," ताई म्हणाल्या.

गेनूनं ठेवलं. मूर्तिकारानं आठ दिवस खपून केलेली कच्च्या मातीची म्हैस त्यानं घमेल्यात भरली आणि उकिरड्यावर टाकली.

"अरे, ती कला होती! इथं काही दिसलं तर हात लावायचा नाही. लांबून बघायचं."

"बरं ताई."

दुसऱ्या दिवशी चुलीवरचं दूध उतू जाऊ लागलं. गेनू हात मागे बांधून लांबून बघत राहिला. पातेलं करपलं तेव्हा मान डोलावून "वा!" म्हणाला.

"गाढवा, काही उतू जायला लागलं की पाणी मारायचं!"

"बरं ताई."

संध्याकाळी अंगणात कवी कविता म्हणत होता. "माझं दुःख उतू चाललंय..." गेनूनं अख्खी बादली ओतली. एवढं मोठं दुःख, त्याला चुळकाभर पाणी कसं पुरणार?

ताईंनी कपाळावर हात मारला. "कलाकार मोठ्यानं काही म्हणाला की टाळ्या वाजवायच्या रे!"

मग भिंत रंगवणारा चित्रकार शिडीवरून कोसळला. "आई गं, मेलो!" गेनूनं टाळ्या वाजवल्या. वर "पुन्हा एकदा!" म्हणाला.

आता मात्र ताई रडायच्याच बाकी होत्या. "पडलेल्या माणसाला उचलून आत न्यायचं, हळद लावायची, पट्ट्या बांधायच्या! आणि कितीही ओरडला तरी उठू द्यायचं नाही!"

"बरं ताई."

शेवटचा दिवस उजाडला. ताई आत समई लावत होत्या. फाटकातून दाजीसाहेब आले, कडक इस्त्रीचे पांढरे कपडे घालून. कोपऱ्यात दोन गावकरी कुजबुजले.

"बिचारे दाजीसाहेब. सपाटून पडले."

"आता पाच वर्षं काही उठत नाहीत."

गेनूनं ऐकलं मात्र, धावलाच. दाजीसाहेबांना खांद्यावर टाकून त्यानं मागची खोली गाठली.

थोड्या वेळानं ताई बाहेर आल्या. "गेनू, दाजीसाहेब आले का रे?"

"आलं की. आत निजवल्यात. डोस्क्यापासनं पायापतुर हळद लावली, पट्ट्या बांधल्या. लई वरडत हुतं, पर म्या उठू दिलं न्हाई."

"अगंबाई! पडले? कुठं पडले?"

"निवडणुकीत."

जमलेलं गाव पोट धरधरून हसलं. निकाल लागल्यापासून बिचाऱ्यांनी हसू दाबून धरलं होतं.

तेवढ्यात आतून आवाज आला, "अहो ताई, गिरणी दहा वर्षं घ्या! म्हणाल तिथं सही करतो! पण आधी दार उघडा!"

ताईंना आनंदानं रडूच फुटलं. "गेनू, किल्ली! किल्ली दे लवकर!"

"किल्ली व्हय? ती हिरीत टाकली."

"विहिरीत? अरे, का?"

"पाच वर्सं उठत न्हाईत म्हनं. तवर कोन सांभाळत बसनार?"